दोन पावत्या

स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यामध्ये एक दार आहे.
त्याला कडी नाही.
अलीकडे सूप उकळतं, पलीकडे शिलाई मशीन धडधडतं,
आणि कॅनव्हासचा वास गेली एकोणीस वर्षं
माझ्या पावात मुरतो आहे.

जानेवारीत डुलूथचं बंदर गोठतं.
बोटी किनाऱ्यावर टेकू लावून उभ्या, उघड्या.
तेव्हाच कापड घ्यायचं, दोरा, पितळी रिंगा, मेण.
पैसे येणार मे महिन्यात,
बोटवाल्यांना पाणी दिसल्यावर.
तोवर एकच कार्ड:
त्यावर बटाटे, त्यावर सुया,
त्यावर तोइवोच्या गुडघ्याचं मलम,
त्यावरच चाळीस वार निळं कापड.

आत्या, वेगळं कर, ईरो म्हणाला.
भाचा माझा, पतपेढीत बसतो.
दोन कागद टेबलावर पसरले त्यानं, मधे मिठाची बरणी.
घरगुती कार्ड: किराण्यावर शंभराला तीन परत, बाकी सगळ्यावर एक.
धंद्याचं: सगळ्यावर दोन, पेट्रोलवर चार,
आणि वर्षाची फी पंच्याण्णव डॉलर.
मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड.
तो म्हणाला, आधी नाक तरी मोज.

मोजायला बसले.
पेट्रोलचं काय? व्हॅन तर एकच.
सोमवारी तिच्यात शिडं असतात,
रविवारी चर्चच्या तीन म्हाताऱ्या.
हीटर गॅरेजचा, पण कुत्रा त्याच्याच पुढ्यात झोपतो.
माझा चष्मा? त्याच्याशिवाय टाका दिसत नाही,
तोइवोचा चेहराही नाही.

आणि परत येतात ते पैसे तरी कुणाचे?
माझेच. शंभरातले दोन,
कपडे बदलून पाहुण्यासारखे दारात उभे.
एक महिना बिल थकू दे,
की बावीस टक्क्यांचं व्याज लावून
आवळा देऊन कोहळा काढतीलच.

ते सोड, फॉर्म भर.

धंद्याचं नाव?
पेन अडलं.
एकोणीस वर्षं लोक म्हणत आले,
इर्याकडे न्या, ती देईल शिवून.
एवढंच नाव.
पत्ता? घराचाच. चौकोनात खूण.
माणसं किती कामाला?
मी.
शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत:
धंदा बुडाला तर देणं कुणाचं?
तेही मीच.

मग वेगळं कशाला रे, मी विचारलं,
दाराच्या दोन्ही बाजूंना मीच उभी असणार तर?

तो उठला, उगाच सूप ढवळत राहिला.
तोइवोनं वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही.
तुला कळावं म्हणून, आत्या, ईरो पाठमोरा बोलला,
की तू घराकडून किती उसनं घेतेस.
किंवा घर तुझ्याकडून.

गिरणी बंद झाल्यापासून हे घर कापडावर चालतं.
तिघांनाही ठाऊक होतं.
कागदावर तेवढं कुठे नव्हतं.

मार्चमध्ये पाकीट आलं.
कार्डावर माझं नाव, आणि खाली आणखी एक ओळ:
कांगास कॅनव्हास.
अंगठा फिरवून पाहिला. अक्षरं हाताला लागली.

पहिली खरेदी:
जाड सुयांचं पाकीट, अकरा डॉलर चाळीस,
आणि एक चॉकलेट.
सरकत्या पट्ट्यावर दोघांच्या मधे
मी ती प्लास्टिकची काठी आडवी ठेवली.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, हे दोन्ही तुमचंच ना?
हो, म्हटलं. दोन पावत्या कर.
मागच्या माणसानं गोठलेले मासे
या हातातून त्या हातात घेतले, सुस्कारा सोडला.

चॉकलेट मी मशीनपाशी बसून खाल्लं,
भर कामाच्या वेळेत, दार उघडं टाकून.
निळ्या कापडावर एक बोट उमटलं.

हा डाग कुठल्या खात्यात मांडायचा,
ईरोला विचारायला हवं.